नेव्ह पर्टिलचा आकडा

कुराबिनच्या मुख्य रस्त्यावर समोरून गाडी आली, की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. हात नाही, मान नाही, एकच बोट. गावातली बँक बंद पडली, पोलीस ठाणं आठवड्यातून दोन दिवसांवर आलं, पण हे बोट काही बंद पडलं नाही. नेव्ह पर्टिलने पन्नासेक वर्षं ते इमानाने उचललं. आता तो बायकोच्या, कोरलच्या, शेजारी बसून जातो, आणि समोरून कोणी येताना दिसलं की वाकून गाडीच्या खणात काहीतरी शोधायला लागतो. त्या खणात एक जुना नकाशा आणि खोकल्याच्या गोळ्यांची रिकामी डबी, एवढाच ऐवज आहे. कोरलला ते माहीत आहे. ती दोघांच्या वतीने बोट उचलते आणि गाडी पुढे काढते.

अर्धांगाचा झटका येऊन त्याला सोळा महिने झाले होते. डावा पाय जमिनीला घासत यायचा. डावा हात कोपरात मुडपून छातीशी बसलेला, जसं काही कोणी कोकरू धरायला दिलं आणि परत घ्यायला विसरलं. जीभ तेवढी शाबूत राहिली. झटक्याचा नेम तिथेच चुकला, असं कोरल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

एकेकाळी हा माणूस मेंढ्या भादरण्यात सबंध जिल्ह्यात पहिला होता. दिवसाचा आकडा दोनशेच्या खाली गेला तर संध्याकाळी कोणाशी बोलायचा नाही. आता तो सकाळी साडेसातला पाय लांब करायच्या खुर्चीत बसायचा, तो रात्री झोपायलाच उठायचा. मधे दोनदा न्हाणीघर, तीनदा स्वयंपाकघर. खुर्चीही त्याने रस्त्याकडच्या खिडकीपासून उचलवून मागच्या अंगणाकडे लावून घेतली होती. तिथून कपडे वाळत घालायची तारांची छत्री दिसायची, आणि मॅग्स. मॅग्स म्हणजे त्याची केल्पी जातीची कुत्री. मेंढ्या नव्हत्या म्हणून ती कोंबड्या वळायची. कोंबड्या संपल्या की वारा वळायची.

चालता येत नव्हतं असं नाही. यायचं. काठी घेऊन, हळू, पण यायचं. फक्त ते कोणी बघू नये एवढीच त्याची अट होती, आणि कुराबिनमध्ये कोणी बघणार नाही अशी जागा स्मशानातही नाही.

दर गुरुवारी नव्वद किलोमीटरवरून टेगन यायची. ती फिजिओ. चर्चमागच्या हॉलमध्ये ती झटका येऊन गेलेल्या सातआठ जणांना गोल बसवायची, उठवायची, पुन्हा बसवायची, आणि मग चहा व्हायचा. बरोबर कोणीतरी केलेले लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन. पहिल्याच गुरुवारी तिने सगळ्यांना विचारलं, घरी किती चालता. तिचं म्हणणं असं, की झटक्यानंतर माणसाला चालता आलं तरी तो चालत नाही, दिवसचे दिवस बसून काढतो, आणि दुसरा झटका अशा बसलेल्या माणसाचाच पत्ता शोधत येतो. नेव्हची पाळी आली तेव्हा त्याने खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. पण समोरच्या खुर्चीवर स्नो ट्रँटर बसला होता.

म्हणून नेव्ह म्हणाला, "सायलोपर्यंत जाऊन येतो. सकाळ-संध्याकाळ."

सायलो म्हणजे गव्हाची उंच कोठी, ती गावाबाहेर सव्वा किलोमीटरवर आहे.

स्नो ट्रँटर आणि नेव्ह चव्वेचाळीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. तरुणपणी दोघे एकाच शेडमध्ये शेजारीशेजारी भादरायचे. तिथली रीत अशी, की मेंढी भादरून झाली की तिला समोरच्या झडपेतून खाली सोडायची, आणि ती बाहेर आपापल्या वाडग्यात जाऊन उभी राहायची. प्रत्येकाचं वाडगं वेगळं. चहाच्या सुट्टीला मालक येऊन वाडग्यातली डोकी मोजायचा, आणि तो माणसाचा आकडा. शेडमध्ये दारूला क्षमा होती, मारामारीला होती, दुसऱ्याच्या बायकोकडे बघण्यालाही एखाद्या वेळी होती. आकड्याशी लबाडीला नव्हती.

त्या दिवशी नेव्हच्या वाडग्यात दोन कमी भरल्या. त्याने स्नोच्या आणि आपल्या वाडग्यामधलं कुंपण तपासलं, तर एक फळी सैल. मग त्याने सगळी शेड बाहेर बोलावली, आणि स्नोला स्वतःच्या वाडग्यातली एकेक मेंढी बोट दाखवून मोठ्याने मोजायला लावली. सव्वीस माणसांसमोर. स्नोचा आवाज शेवटी शेवटी ऐकू येईनासा झाला, तर नेव्ह म्हणाला, जरा मोठ्याने, मागच्यांना कळत नाही. दुसऱ्या दिवशी स्नो शेड सोडून गेला. त्या भागात त्याला पुन्हा कोणी कामावर घेतलं नाही. तो रेल्वेत लागला, रूळ बदलत राहिला, लग्न केलं, बायको गेली, म्हातारा झाला. गावाने त्याला तेव्हा 'दोन-कमी ट्रँटर' नाव ठेवलं होतं, ते मात्र म्हातारं झालं नाही. आता झटक्याने दोघांना एकाच गोलात आणून बसवलं होतं. अशा माणसासमोर नेव्ह पर्टिल कसा सांगणार, की मी दिवसभर खुर्चीत बसून कुत्री बघतो?

सप्टेंबरात टेगनने काड्यापेटीएवढी यंत्रं आणली. घोट्याला पट्ट्याने बांधायची, सात दिवस ठेवायची, आंघोळीपुरती काढायची. कोण किती पावलं चालतं, किती वेळ बसतं, सगळं आत नोंदलं जाणार. कोणाला रागावणार नाही, तिने सांगितलं, आपण फक्त सुरुवात कुठून करायची ते ठरवू. नेव्हला त्यातलं एकच कळलं. सायलो बोंबलला.

पहिल्या सकाळी तो खरंच फाटकापर्यंत गेला. फाटकाची कडीही काढली. तेवढ्यात दुधाची गाडी आली, आतल्या पोराने बोट उचललं, आणि नेव्ह तसाच वळून आत आला. मॅग्स त्याच्याभोवती चार वेढे घालून कोंबड्यांकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. नेव्ह पायरीवर बसून तिच्याकडे बघत राहिला. मग तिला जवळ बोलावलं, एका हाताने आणि दातांनी घोट्याचा पट्टा सोडला, आणि यंत्र तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलं. तिने एकदा मान झटकली, मग कामाला गेली.

वाटलं होतं, आजच्या दिवस. पण एक दिवस दोन हजार आणि दुसऱ्या दिवशी तीस, असं दिसलं तर पकडले जाऊ. खोटं एकदा पाळलं की कुत्र्यासारखं रोज खायला मागतं. सात दिवस सकाळी यंत्र मॅग्सच्या गळ्यात, संध्याकाळी नेव्हच्या घोट्याला.

कोरलने तिसऱ्या दिवशी पाहिलं. रात्री तिने मटणाच्या टिक्क्या तळल्या आणि पहिल्या दोन, ग्रेव्हीसकट, मॅग्सच्या ताटलीत वाढल्या.

"माझं ताट?" नेव्हने विचारलं.

"थांब जरा," कोरल म्हणाली. "जो चालून आलाय त्याला आधी."

पुढच्या गुरुवारी टेगनने फळ्यावर सगळ्यांचे आकडे लिहिले, रोजची सरासरी. कोणाची नऊशे पावलं, कोणाची दीड हजार. स्नो ट्रँटर, सहाशे चाळीस. आणि सगळ्यात वर नेव्ह पर्टिल, चौदा हजार दोनशे आठ. हॉलमध्ये कोणीतरी शीळ घातली. टेगनचा चेहरा असा फुलला होता, की नेव्हने दुसरीकडे बघितलं. ती कौतुकाने सांगत होती, की नेव्ह उजाडताच सुरू होतात, दिवसभर थांबतच नाहीत, आणि मंगळवारी नऊच्या सुमाराला तर धावलेत असं दिसतंय. धावलात का, नेव्ह?

नेव्ह म्हणाला, मॅगपाय मागे लागला होता. इथल्या वसंतात, म्हणजे सप्टेंबरात, हे पक्षी अंडी राखायला माणसांच्या टाळूवर झेपावतात, त्यामुळे सगळ्यांना पटलं. दोघांनी तर कोणत्या झाडावरचा तेही सांगितलं. टेगन हुशार मुलगी होती, पण वयाने लहान. माणूस खोटं बोलतो हे तिला ठाऊक होतं. यंत्राकडूनही बोलवून घेता येतं, हे अजून ठाऊक व्हायचं होतं. तिने नेव्हला उभं करून म्हटलं, बाकीच्यांना दोन शब्द सांगा. नेव्हने चार सांगितले. "रोज थोडं थोडं वाढवायचं."

चहाच्या वेळी स्नो त्याच्याकडे आला. काठी टेकत, डावा पाय ओढत, सबंध हॉल ओलांडून. लॅमिंग्टनवरचा खोबऱ्याचा कीस त्याच्या स्वेटरवर सांडला होता. चव्वेचाळीस वर्षांनी तो पहिलं वाक्य बोलला.

"पाय दुखत नाही?"

नेव्हला त्याच वेळी सांगता आलं असतं. कप टेबलावर ठेवायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात सांगून झालं असतं.

"सुरुवातीला दुखतो," तो म्हणाला.

स्नोने मान हलवली, जशी शेडमध्ये जुन्या भादरणाऱ्याने काही शिकवलं तर नवा हलवतो, आणि परत आपल्या खुर्चीकडे गेला. त्या रात्री नेव्हने जेवण मॅग्सला दिलं. तिने ते खाल्लं. तिच्या मनात काही नव्हतं.

दहा दिवसांनी स्नो पडला. एकटा राहणारा माणूस. सायलोपर्यंत जायची हिंमत नव्हती म्हणून घरामागे कपड्यांच्या तारांभोवती फेऱ्या मारायला लागला होता. पहिल्या दिवशी दहा, मग वीस, मग चाळीस. पाण्याच्या नळीत पाय अडकला आणि चांगल्या हातावर पडला. मनगट मोडलं. डावा हात झटक्याने नेला होता, उजवा आता प्लास्टरमध्ये. शेजारीण सकाळ-संध्याकाळ येऊन भरवते, असं कोरलने दुकानात ऐकलं. फेऱ्या कशाला मारत होतास, असं शेजारणीने विचारलं, तर म्हणाला, पर्टिल चौदा हजार चालतो.

कोरलने हे सगळं ओट्याकडे तोंड करून सांगितलं. बटाटे सोलून झाले तरी ती वळली नाही.

"मी गाडी काढते," ती म्हणाली.

"नको."

"मग?"

नेव्हने काठी घेतली. मॅग्स उठली, तिला त्याने बस म्हटलं. फाटकाची कडी काढली. सकाळचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे पबच्या ओसरीवर चारपाच जण तरी असणार, आणि टपाल घ्यायला आलेलं निम्मं गाव रस्त्यावर. आपला रस्ता केवढा रुंद आहे हे त्याला इतकी वर्षं गाडीतून कधी कळलं नव्हतं. गल्लीतून पबच्या कोपऱ्यापर्यंत तो कसाबसा पोचला. तिथून सगळ्यांच्या नजरेत. तिथे तो थांबला, आणि मान खाली घालून पावलं मोजायला लागला. मेंढ्या मोजायच्या तशीच, तोंडातल्या तोंडात, तीनतीनच्या हिशेबाने. डोकं आकड्यात घातलं की माणसं दिसत नाहीत. पब ओलांडला, छत्तीस. ओसरीवरचं बोलणं बंद झालं. कोणी हाक मारली नाही, त्यापेक्षा मारली असती तर बरं. रस्त्याच्या मध्ये, एकशे दोन. डावा बूट डांबरावर खरवडत होता आणि तो आवाज त्याला सायलोपर्यंत जात असल्यासारखा वाटला. एक गाडी थांबली, चालवणाऱ्याने बोट उचललं. नेव्हच्या एका हातात काठी, दुसऱ्यात ते न दिसणारं कोकरू. त्याने मान उचलली, एवढंच केलं. स्नोच्या फाटकाला हात लागला तेव्हा दोनशे तेरा झाली होती.

स्नो दार उघडंच टाकून खिडकीशी बसला होता. समोर टोस्टचा अर्धा तुकडा, वर माशी. त्याने बस म्हटलं नाही, म्हणून नेव्ह उभाच राहिला. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. त्याने काहीही सजवलं नाही. यंत्र कुत्रीच्या गळ्यात होतं, म्हणाला. चौदा हजार कुत्रीची. मी खुर्चीत होतो.

स्नोने आपल्या प्लास्टरकडे बघितलं.

"सगळी?"

"सगळी."

"आणि तो मॅगपाय?"

"कोंबडी," नेव्ह म्हणाला.

स्नोच्या घशातून एक आवाज निघाला. हसणं असावं, पण चेहऱ्याच्या एकाच बाजूला होतं, आणि तिथेही टिकलं नाही.

"त्या दोन मेंढ्या मी घेतल्या होत्या," तो म्हणाला. "फळी मीच सैल केली. एक दिवस. त्याआधी कधी नाही, त्यानंतर कधी नाही. एका दिवसाचं मी आजवर ऐकतोय. तू किती दिवस केलंस?"

"सात."

"सात." स्नोने तो आकडा जरा तोंडात घोळवला. "माझ्यापुढे सांगून काय उपयोग, लेका? खोटं तू सगळ्या हॉलपुढे बोललास. मला तू कुठे मोजायला लावलं होतंस?"

नेव्ह म्हणाला, "शेडसमोर."

"मग."

माशी उडाली, परत बसली. नेव्हने टोस्टचा तुकडा उचलला, लोणी लावलेली बाजू बघून तो स्नोच्या तोंडापुढे धरला. स्नोने तोंड फिरवलं. शेजारीण येते पाच वाजता, तो म्हणाला. नेव्हने तुकडा ताटलीत ठेवला आणि परत निघाला. परतीची पावलं मोजायचं भान राहिलं नाही. फाटकाशी कोरल उभी होती, आणि आपण मुद्दाम उभ्या नाही हे दाखवायला तिने हातात पाण्याची झारी धरली होती. झारी कोरडी होती.

गुरुवारी हॉलमध्ये सगळे बसायच्या आत नेव्ह उभा राहिला. स्नो आपल्या जागेवर, प्लास्टर उशीवर टेकलेलं. कोरल दाराशी. आणि बाहेर, गाडीत, मॅग्स काचेला नाक लावून. तिला का आणलंस असं नेव्हने विचारलं होतं, तर कोरल म्हणाली, आकडा तिचा आहे.

त्याने सांगितलं. उभं राहून सांगता येईल एवढंच सांगितलं. यंत्र, पट्टा, कुत्री, सात दिवस, सायलोला एकदाही गेलो नाही. शेवटी त्याचा आवाज बसत चालला. कोणीतरी मागून, मुद्दाम नव्हे, खरंच ऐकू येत नव्हतं म्हणून म्हटलं, "जरा मोठ्याने, नेव्ह." स्नोने मान वर केली. नेव्हने शेवटचं वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हटलं.

पहिला कोण हसला ते कळलं नाही, पण मग बरेच हसले. पबपर्यंत ही गोष्ट पाच मिनिटांत जाणार आणि तिथे चाळीस वर्षं राहणार, हे नेव्हला उभ्या उभ्या कळलं. गाव आता त्यालाही टोपणनाव ठेवणारच होतं. टेगन मात्र हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. तिने सावकाश सांगितलं, की त्या आकड्यावरून मी स्नोला म्हणाले होते, नेव्हला जमतं तर तुम्हालाही जमेल. मग ती फळ्याकडे वळली, आणि पाठमोरी राहूनच तिने चौदा हजार दोनशे आठ पुसलं. पुसायला तिला लागायला हवा होता त्याहून जास्त वेळ लागला.

"खरा आकडा काय, नेव्ह?"

"माहीत नाही. मोजलाच नाही."

"मी मोजलाय," स्नो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. स्नो उशीवरच्या प्लास्टरकडे बघत बोलत होता, सावकाश, प्रत्येक शब्द तपासून खाली सोडल्यासारखा. "मंगळवारी हा माझ्या घरी आला. चालत. मी खिडकीत होतो. पबच्या कोपऱ्यापासून माझ्या फाटकापर्यंत मी मोजली. दोनशे अकरा."

नेव्हने त्याच्याकडे बघितलं. दोन कमी. दोनशे तेरा. त्याने स्वतः मोजली होती, तीनतीनच्या हिशेबाने, आणि उभ्या आयुष्यात नेव्ह पर्टिलची मोजणी एका डोक्यानेही चुकली नव्हती. स्नोने आता मान वर केली होती. तो वाट बघत होता. त्याचा चेहरा अगदी सरळ होता, दोन्ही बाजूंनी.

नेव्हने तोंड उघडलं. मग खाली बसला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दोनशे अकरा."

टेगनने तसं लिहिलं.